मास्तरणीच्या पोटात

"ही पुरायची नाही," असं म्हणून तिनं मेलेली कोंबडी जुन्या टॉवेलात गुंडाळायला घेतली.

सासूबाई फावडं टेकवून परसात उभ्या होत्या. खड्डा त्यांनी खणूनही ठेवला होता. पाच दिवसांतला चौथा. "मेलेल्या कोंबडीला दवाखान्यात नेणारी तूच पहिली गं बाई. आता काय, टॉनिक देणार आहेत तिला?"

"कशानं मेली ते सांगणार आहेत."

"ते मी इथूनच सांगते." सासूबाईंनी आवाज खाली आणला, पण पायरीपर्यंत पोचेल इतका ठेवला. "तुझ्या लेकीनंच काहीतरी खायला घातलंय. दिवसभर त्या खुराड्याला चिकटलेली असते."

लेक पायरीवर बसली होती. साडेचार वर्षांची. सहाही कोंबड्यांची नावं तिनंच ठेवलेली. टॉवेलात होती ती मास्तरीण, मान ताठ करून बाकीच्यांना टोचत फिरणारी. पहिली कोंबडी गेली त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं लेकीला बाजूला घेऊन विचारलं होतं, काय दिलंस, खरं सांग. तेव्हापासून पोरीच्या तोंडाला कुलूप. जेवण जवळजवळ सुटलेलं. पोटावर हात धरून बसायची, जवळ घेतलं तर अंग चोरायची. "मन खातंय तिला," सासूबाई म्हणत.

आईलाही तेच वाटत होतं, आणि तिला सहन होत नव्हतं ते नेमकं हेच. एवढ्याशा जिवानं चार मढी खांद्यावर घेऊन मोठं व्हायचं?

म्हणून तिनं शोध घ्यायचं ठरवलं होतं. ठरवलं की ती सोडणाऱ्यातली नव्हती. आधी दाण्यांचं पोतं पालथं घालून बुरशी शोधली. पाण्याचं भांडं उकळत्या पाण्यानं धुतलं. खुराड्याची जाळी बोटांनी चाचपली. कुठं भोक नाही, रक्ताचा थेंब नाही. शेजारणीच्या कोंबड्या भिंतीपलीकडं ठणठणीत ओरडत होत्या, म्हणजे साथही नव्हे. आणि हिच्या कोंबड्या मात्र सकाळी पाय पसरून लुळ्या पडायच्या, दिवेलागणीच्या आत संपायच्या. नवरा फोनवर म्हणाला, "कोंबड्याच आहेत गं त्या."

"माझ्यासाठी नाहीत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दवाखान्यात तिनं लेकीलाही नेलं. मुद्दामच. बसमध्ये लेक खिडकीशी गप्प आणि मास्तरीण पायाशी पिशवीत. कंडक्टरनं पिशवीकडं पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता तिकिटं फाडली.

जनावरांच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासानं आत बोलावलं. हातमोजे काढत ते म्हणाले, "मुलीला बाहेर बसवा ना."

"नको. तिच्यासमोरच सांगा. तिनं काही केलेलं नाही, हे तिनं तुमच्या तोंडून ऐकायला हवं."

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि स्टीलचा ट्रे पुढं सरकवला. "कोंबडीला दात नसतात. पोटात एक जाड पिशवी असते, तिच्यातले खडे दाणे दळतात. त्या खड्यांत हे सापडलं." धुऊन मांडलेले निळे तुकडे होते, नखाएवढे. "रंगाचे पोपडे आहेत. रंग जुना असणार, शिसं घातलेला. रिपोर्ट येईल, पण माझी खात्री आहे. घरात काही खरवडलंत का?"

खिडक्या. गेल्या महिन्यात. तिनंच हट्ट धरला होता, ते पोपडे लेकीच्या हाताला लागतात म्हणून. खरवडलेला सगळा कचरा सासूबाईंनी गोळा केला आणि खुराड्यामागच्या राखेच्या ढिगात टाकला.

"कोंबडीचा जीव केवढासा," डॉक्टर सांगत होते, "तिला चिमूटभर पोपडे पुरतात. उरलेल्या दोघींना आजच घेऊन या. शिशावर औषध आहे, वेळेवर कळलं म्हणजे झालं."

चूक झाली होती, पण ती मोठ्यांची. घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं ते तिच्या डोक्यात शब्दासकट तयार होतं. ती लेकीसमोर उकिडवी बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"ऐकलंस ना, राणी? कोंबड्यांनी ते आपणहून टिपले. कुणी घातले नाहीत. तू काही केलं नाहीस."

लेक ट्रेकडं पाहत होती. मग पाच दिवसांत पहिल्यांदा ती नीट, स्पष्ट बोलली.

"मीच दिले. आम्ही घर-घर खेळायचो."

"बरं," आई म्हणाली. तिचा आवाज हलला नाही. "दिलेस तर दिलेस. तुला कुठं माहीत होतं? मी नाही रागावणार."

लेकीनं तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. खरंच रागावणार नाही अशी खात्री पटल्यावर तिनं बाकीचंही सांगून टाकलं.

"गोड लागतात गं आई. एक त्यांना द्यायचे, एक मी खायचे."