पहिलवानाचं पान

निसर्ग हाच खरा गुरू आहे, असं शिशुवर्गाच्या दारावर रंगीत अक्षरांत लिहिलेलं होतं. त्या दिवशी अख्खा शिशुवर्ग अंगणात उभा राहून या गुरूवर फुंकर मारत होता.

झाडाच्या सगळ्यात खालच्या फांदीवर एकच पान उरलं होतं. त्याला लाल दोरा बांधलेला होता आणि ते पहिलवानाचं होतं. पहिलवान म्हणजे वर्गातला सर्वांत किडकिडीत मुलगा. हे नाव त्याला आजोबांनी ठेवलेलं, आणि आजोबा आज शाळा सुटताना भिंत बघायला येणार होते.

भिंतीची कल्पना बाईंची. ऋतू बदलताना मुलांना तो हाताने धरता यावा, म्हणून त्यांनी प्रत्येकाला या फांदीवरचं एकेक पान देऊन टाकलं होतं आणि ओळखू यावं म्हणून रंगीत दोरे बांधले होते. पान गळलं की वर्गातल्या भिंतीवर रंगवलेल्या झाडाला चिकटवायचं. तोडायचं नाही. आपोआप गळेल तेच खरं.

सुरुवातीला सगळ्यांची समजूत अशी की ज्याचं पान पडलं तो आउट. दोरा बांधून घेताना पहिलवानाने बाईंची बाही ओढून कानात सांगितलं होतं, "माझं घट्ट बांधा हं. पडायला नको." मग ठमीचं पान पडलं. बाईंनी ते थाटामाटाने भिंतीवर लावलं, टाळ्या झाल्या, आणि एका मधल्या सुट्टीत वर्गाचं मत फिरलं. मोठ्यांना यासाठी निवडणूक घ्यावी लागते.

आता भिंतीवरच्या झाडाला एकच जागा रिकामी होती आणि उद्यापासून शाळेला सुट्टी होती.

"सगळ्यांनी मिळून," ठमी म्हणाली. तिचं पान पहिलं पडल्यामुळे ती या विषयातली जाणकार मानली जायची. "एक, दोन, फूऽऽ."

पान हललं. वर्गाने श्वास रोखला. मग खरोखरची वाऱ्याची झुळूक आली, पान स्वतःभोवती गर्रकन फिरलं, उलटं झालं, पुन्हा सुलटं झालं.

"गेलं, गेलं, गेलं..."

"नाही गेलं."

"माझ्या तोंडात काहीतरी गेलं," मागून एकजण म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

झाडलोट करणाऱ्या मावशी केराची सुपली घेऊन आल्या आणि खालून वारा घालू लागल्या. "अगं बाई, हे तर माझ्या सासऱ्यांसारखं आहे," त्या म्हणाल्या. "वाळून काटकी झालं, पण हलायचं नाव नाही."

"ते आजोबा झालंय," पहिलवान अभिमानाने म्हणाला. मग त्याने मान वर करून पानाला बजावलं, "आता पुरे हं. पड."

आरडाओरडा ऐकून मोठ्या बाई ऑफिसमधून बाहेर आल्या. "काय चाललंय हे? शाळा आहे का बाजार?"

बाईंनी घाईघाईने सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा हळूहळू बक्षीस समारंभासारखा झाला.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "सगळी पानं गळाली. ऊन आलं, वारा आला. पण या एका पानाने फांदी सोडली नाही. याला काय म्हणतात?"

"उशीर," ठमी म्हणाली.

"याला म्हणतात चिकाटी. काय म्हणतात?"

"चिऽकाऽटी."

"सुट्टीनंतर फळ्यावर याच पानाचं चित्र काढायचं. आणि खाली काय लिहायचं?"

"पण मला ते पडायला हवंय," पहिलवान म्हणाला. त्याचा खालचा ओठ बाहेर आला होता. "आजोबा आज येणारेत. माझी जागा रिकामी आहे."

मोठ्या बाईंना एवढ्या चांगल्या भाषणाला एवढं साधं उत्तर मिळण्याची सवय नव्हती. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि, मुख्याध्यापिकेला शोभेल इतपतच, गाल फुगवले.

"फूऽऽ," वर्ग आनंदाने किंचाळला. सगळे पुन्हा उड्या मारू लागले. मावशींची सुपली जोरात चालली. पान गरागरा फिरलं.

"मला वर घ्या," पहिलवान म्हणाला. "मी त्याला नीट सांगतो."

बाईंनी त्याच्या काखांत हात घालून त्याला उचललं. तो पानाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. खाली सगळे चिडीचूप. मग तो पुटपुटायचा थांबला आणि नुसता बघत राहिला.

"काय म्हणालं?" ठमीने विचारलं.

"बाई," पहिलवान म्हणाला, "हे झाडाला नाहीच आहे."

बाईंनी त्याला खाली ठेवलं आणि टाचा उंचावून पाहिलं. देठ फांदीपासून सुटलेला होता. सुटला होता त्या जागेवरचा वण वाळून, काळा पडून, जुना झाला होता. दोरा देठासकट फांदीलाही आवळलेला होता आणि पान त्या लाल दोऱ्याला लटकत होतं.

"म्हणजे माझं कधी पडलं?" पहिलवानाने विचारलं. "ठमीच्या आधी?"

"नाही," ठमी ताबडतोब म्हणाली.

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी आभाळाकडे पाहिलं आणि ऑफिसात फोन वाजत असावा, असं म्हणून त्या निघाल्या.

बाई गाठ सोडवू लागल्या. ती सुटेना. शेवटी मावशींनी कात्री आणली.