बाबांचा रकाना

बाबा जिमच्या काचेच्या दाराशी उभे होते. दाढी गुळगुळीत, निळा टी-शर्ट इस्त्रीचा, पायात नवेकोरे बूट. मागे चटई अंथरलेली, शेजारी खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल. एवढी तयारी कोणी जावयासाठीही करत नाही.

"आज तू एवढ्या लवकर?" त्यांनी मुलाला विचारलं.

"ट्रेडमिलचा पट्टा घसरतोय, तो बघायचाय. तुम्ही इथं काय करताय बाबा? मला वाटलं, सकाळी फिरायला जाता."

"फिरायला कुठला आता वेळ! बुकिंग आहेत मला. सोमवारपासून रोज." बाबांनी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "काल ज्याचं होतं तो काही आला नाही. परवाचाही नाही. आज मात्र कोणी बाई आहेत. बायका वेळ पाळतात."

मुलानं ती नावं ओळखली.

जिमचं ऑनलाइन बुकिंग त्यानंच रविवारी बसून जुळवलं होतं. झुंबा, योगा, सायकलिंग, सगळ्या क्लासच्या जागा त्यात घातल्या. शिवाय एकेकट्यानं शिकायचं असेल तर प्रत्येक ट्रेनरच्या नावाचा वेगळा रकाना. हे सगळं धड चालतंय का ते बघायला खोटी बुकिंग करावी लागतात. वेळ भरली की लाल होते का, ट्रेनरला मेसेज जातो का, वगैरे. आता ही खोटी बुकिंग टाकायची कुणाच्या नावावर?

"बाबांच्या टाकतो," तो बायकोला म्हणाला होता. "त्यांच्याकडे नाहीतरी कोण येणार आहे?"

"असं बोलू नये रे," ती म्हणाली होती. पण बोलून झालं होतं.

तसं खोटं काय होतं त्यात? जिम बाबांनीच उभी केलेली. पण दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि त्यांची माणसं एकेक करून फुगलेल्या दंडांच्या पोरांकडे गेली. बाबांचं नाव ट्रेनरच्या यादीत राहिलं ते मानापुरतं. बापलेकांचं बोलणंही किल्ल्या, लाइटबिल आणि गाडीची हवा एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. मुलाला वेळ तरी कुठे होता? मालक झाल्यापासून त्यानं स्वतः एक वजन उचललेलं नव्हतं. पोट पुढे आणि मालक मागे, अशी त्याची चाल झाली होती.

तर त्यानं बाबांच्या आठवडाभराच्या सकाळी मनाला येतील त्या नावांनी भरून टाकल्या. नंतर पुसायच्या होत्या. सोमवारी खऱ्या बुकिंगची अशी झुंबड उडाली, की राहूनच गेलं. दुसऱ्या कुणा ट्रेनरचा रकाना असता तर राहिलं असतं का? नसतं. त्यानं तासाभरात फोन करून डोकं खाल्लं असतं. बाबांनी काही विचारलं नाही. त्यांनी बूट विकत आणले.

आता खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण "मी जरा बघतो हं," असं पुटपुटत तो काउंटरमागे गेला. गुपचूप सगळी बुकिंग काढून टाकू, बाबांना वाटेल लोकांचा बेत बदलला. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. त्यानं बटण दाबलं.

बाबांच्या हातातला फोन टिंग वाजला. पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. बुकिंग रद्द झालं तरी मेसेज जावा, ही सोय कोणी केली होती? यानंच, मोठ्या हौसेनं.

बाबांनी चष्मा लावला. एकेक मेसेज ओठ हलवत पूर्ण वाचला. मग खुर्चीला धरून कसेबसे खाली वाकले आणि चटई गुंडाळायला लागले.

"राहू द्या बाबा, मी उचलतो."

"नको." त्यांनी वर पाहिलं नाही. "माझं नाव त्यातून काढून टाक. राग नाही हं कुणावर. लोक येत असतील बिचारे. काचेतून म्हातारा दिसला की तसेच परत फिरत असतील. माझंच चुकलं. मी दाराशी उभं राहायला नको होतं."

मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यंत्रावर ढकलता आलं असतं, इंटरनेटवर ढकलता आलं असतं. पण हा माणूस सगळा दोष स्वतःवर घेत होता, आणि ते ऐकून घेणं त्याला जमेना.

"बाबा, कोणी परत फिरलं नाही. कोणी आलंच नव्हतं. ती नावं खोटी होती. सगळी बुकिंग मी केली होती, चालतंय का बघायला. तुमच्या नावावर केली, कारण... कारण तुमचा रकाना रिकामा होता."

बाबा चटई छातीशी धरून उभे राहिले. एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं त्याला.

"सगळी तूच केली होतीस?"

"हो बाबा."

"मग आला का नाहीस रे?"