हरभऱ्याच्या दोन वाट्या

घेतलेली वस्तू परत करावी, एवढंच नंदिनीच्या डोक्यात होतं. तिनं ताटलीतले उरलेले हरभरे आणि दोन्ही वाट्या दुकानाच्या काउंटरवर ठेवल्या.

"दादा, हे तुमचे हरभरे. झालं माझं काम."

मुकेशचं किराणा दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं, गिरडहून येणाऱ्या रस्त्याला लागून. मागच्या खोलीत संसार: बायको आचल आणि दुसरीतली गुड्डी. नंदिनी वर्ध्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. खेड्यातली जोडपी संसारात किती समाधानी आहेत, हे तिला मोजायचं होतं. छापील आकड्यांसमोर बायाबापड्या गोंधळतात, म्हणून तिनं युक्ती काढली. प्रत्येक प्रश्नाला वाटीत एक ते पाच हरभरे टाकायचे. समाधान जास्त, तर हरभरे जास्त. ही युक्ती तिनं मोठ्या हौसेनं मुकेशलाही समजावून सांगितली होती, कारण हरभरे त्याच्याच बरणीतले होते.

मुकेशनं गिऱ्हाइकं सांभाळत, हसत हसत दर प्रश्नाला पाच-पाच टाकले. मग नंदिनी आत जाऊन आचलजवळ बसली आणि तेच प्रश्न तिला विचारले. आचल एकेक हरभरा टाकून हात मागे घ्यायची. नवरा ओरडतो का, या प्रश्नाला तिनं आधी दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"घरी पाहुणे असले का बिलकुल नाई ओरडत," ती म्हणाली.

हे तर चांगलंच आहे, असं नंदिनीला वाटलं. मग अजून दोन तरी टाका ना ताई, असं तिनं वर सुचवलंही. आचलनं टाकले.

आता दोन्ही वाट्या शेजारी शेजारी होत्या. एक शिगोशीग भरलेली. दुसरीचा तळ दिसत होता.

मुकेश वाट्यांकडे बघत राहिला. लहानपणापासून धान्य तोलत आलेल्या माणसाला असलं काही मोजावं लागत नाही. नंदिनीचा हात आपोआप पुढे झाला आणि तिथंच थांबला. एकाचं उत्तर दुसऱ्याला कळता कामा नये, हे कॉलेजच्या प्राध्यापिकांनी तिला बजावलं होतं. तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. वाटी तेवढी स्वतःच्या हातानं आणून ठेवली होती.

मुकेशनं आपली वाटी बरणीत उपडी केली. आचलची तशीच उचलून गल्ल्याशेजारी ठेवली.

"मॅडमसाठी चहा मांड व," त्यानं आत आचलला सांगितलं. आवाज अगदी मऊ होता.

चहा घेऊन आचल बाहेर आली आणि तिला ती वाटी दिसली. कपातला चहा बशीत सांडला. तिनं बशी पुसली, कप नंदिनीपुढे ठेवला आणि आत जाऊन पोहे भिजवले. नंदिनी नको नको म्हणत असतानाच पोहे झाले. त्यावर शेव आली. मग म्हणे शिरा करते, साजूक तूप आहे घरात. नंदिनीनं घड्याळ बघितलं. हिंगणघाटची शेवटची बस दुपारचीच होती, आणि ती यायची वेळ झाली होती. आपल्या हातून चूक झाली आहे आणि इथून लवकर निघावं, एवढंच तिला सुचत होतं.

उंबऱ्याशी आली तर चप्पल एकच.

शोधाशोध सुरू झाली. बाकाखाली पाहिलं, काउंटरच्या मागे पाहिलं. गुड्डी भिंतीला पाठ टेकून उभी होती; फक्त तीच शोधत नव्हती. नंदिनी तिच्यासमोर खाली बसली. तूच लपवलीस ना, असं तिनं हळूच विचारलं. गुड्डीनं होकारार्थी मान हलवली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"तुमी गेल्या का पप्पा शटर लावते."

बाहेर लख्ख ऊन होतं. दुकान बंद करायला अजून कितीतरी वेळ होता. नंदिनीला पाहुण्यांचं ते उत्तर आठवलं आणि आपण त्यासाठी वाढवून घेतलेले दोन हरभरेही. तिची तिलाच लाज वाटली. मग भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

"सापडली ना!" मुकेशनं साखरेच्या पोत्यामागून चप्पल काढली. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती झटकली आणि दुसऱ्या चपलेशेजारी नीट जोडून ठेवली, तोंडं रस्त्याकडे करून. "घाला मॅडम. बस चुकन तुमची."

वळणावर बसचा हॉर्न वाजला. आचल मधल्या दारात उभी होती. तिच्या हातात रव्याचा डबा होता, आणि तो तिनं पोटाशी धरला होता.

नंदिनी परत बाकावर येऊन बसली. "दादा, मी आज इथंच राहिले तर चालेल? दमले आहे फार."

बस दुकानासमोर क्षणभर थांबली आणि निघून गेली. गुड्डी येऊन नंदिनीला खेटून बसली.

मुकेश हसला. "राहा ना मॅडम. आमच्या घरी पाहुण्याले कोणी जा म्हणत नाई."

त्यानं गल्ल्याशेजारची वाटी उचलली आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, गुड्डीचाच काय, आचलचाही हात पोचणार नाही इतक्या उंच.

"सकाळची पयली बस सहाले हाय," तो म्हणाला.