भोंगा वाजला होता

दिवाकररावांनी मेमो वाचलाच नाही. खिशातून पेन काढलं आणि सही करायला वाकले.

"अहो, आधी वाचा तरी," रुचिरा म्हणाली. ती या विभागाची इनचार्ज, वय बत्तीस. दिवाकरराव इथे तिच्या जन्माआधीपासून कामाला.

काल क्रेनचा भोंगा तीनदा वाजला. क्रेनवरून बळीराम ओरडला. तरी खाली उभे असलेले दिवाकरराव हलले नाहीत आणि साखळी त्यांच्या खांद्याला घासून गेली. त्यांनी जाणूनबुजून आदेश मानला नाही, असं मेमोत लिहिलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

"चूक माझीच आहे, मॅडम. लक्ष नव्हतं. कुठे करू सही?"

रुचिराला राग आला. या माणसाला कशाचीच फिकीर नाही, असं तिला वाटलं. ती पाठ फिरवून कपाटातून त्यांची फाइल काढू लागली.

"काल तुमचा जीव गेला असता, दिवाकरराव."

फाइली चाळता चाळता तिने आवाज चढवला.

"मी तुमच्याशी बोलतेय."

तिने वळून पाहिलं. दिवाकरराव निवांतपणे मेमोवर तारीख घालत होते. मान वर करताच त्यांची नजर तिच्या ओठांवर जाऊन थांबली.

रुचिराने फाइल कपाटातच राहू दिली. टेबलाला वळसा घालून ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"ऐकू येत नाही ना तुम्हाला?" तिने सावकाश विचारलं.

दिवाकररावांनी आधी दाराकडे पाहिलं.

"हे कुठे लिहू नका, मॅडम. बहिरा म्हटलं की घरी बसवतील. त्यापेक्षा मेमोच द्या ना."

"क्रेनखाली तर मी तुम्हाला आता जाऊ देणार नाही." तिने मेमो त्यांच्या हाताखालून काढून घेतला. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येते सोबत. मग दुसरं काम बघू, मी वर बोलेन. घरी बसवायला निघाले, तर भांडेन. पण हे लपवणं आता बंद."

तिच्या तोंडाकडे पाहतच त्यांनी पेन खिशात ठेवलं.

"म्हणजे आज घमापूरला, घरी पण सांगावं लागेल," ते म्हणाले. "तीन साल झाले, मॅडम. बायको समजून राहिली, मी तिच्यावर नाराज आहे."