तसं काही नाही

“आई आई गं!” मावशी अशा कण्हल्या, की तपासायला आलेल्या चष्मेवाल्या मुलीने दचकून हात मागे घेतला. कोपऱ्यातल्या टेबलामागे बसलेल्या सरांनी समाधानाने मान हलवली.

डॉक्टरकीच्या परीक्षेला खरे पेशंट परवडत नाहीत. ते विचारलेलं सोडून भलतंच सांगतात, आणि काही तर ऐन परीक्षेत बरे होतात. म्हणून कॉलेजने मावशींना ठेवलं होतं. उमेदीच्या काळात त्या नाटकात नायिकेची आई व्हायच्या, पहिल्या अंकात मरणारी. इथे निदान मरायचं नव्हतं. अर्धशिशी म्हणा, गुडघे म्हणा, मान म्हणा, मावशी मागाल ते दुखणं द्यायच्या. निम्म्या गावाचे डॉक्टर त्यांच्या कंबरेवर शिकले होते.

नियम दोनच होते. कागदावर दिलं आहे तेवढंच सांगायचं, बाकी काहीही विचारलं तर ‘तसं काही नाही’ म्हणायचं. आणि स्वतःला खरोखरीचं दुखणं असता कामा नये. खऱ्या दुखण्याचा माणूस खोट्या दुखण्यात घोळ घालतो, असं सरांचं मत होतं. पाठदुखीवाल्या एका काकांची पाठ खरीच निघाली, तेव्हा त्यांना लगोलग नारळ मिळाला होता.

आज कंबर होती. चष्मेवाली या परीक्षेत आधी एकदा आपटली होती, त्यामुळे जपून चालली होती. पायाला मुंग्या येतात का, वजन उतरलंय का, ताप असतो का, सगळं ओळीने विचारलं. आता एवढंच सांगायचं राहिलं होतं, की जुन्या कंबरदुखीला अंथरूण धरू नका, झेपेल तसं हिंडाफिरा. तेवढं बोलली की पास.

“उठून बसता का, मावशी?”

मावशी कण्हत उठल्या. मुलगी बघतच राहिली.

“कंबर दुखणारा माणूस तळहात टेकून उठतो. तुम्ही कोपर टेकून उठलात.”

कागदावर कोपराचं काही नव्हतं.

मुलीने त्यांचा हात हातात घेतला. बोटांच्या मुळाशी सांधे सुजले होते. दुसराही हात पाहिला. तोही तसाच. “सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात का? किती वेळ?”

“तसं काही नाही,” मावशी म्हणाल्या. घरी सुनेलाही त्या हेच सांगत. हातून कप सुटला की सून म्हणे, “आई, लक्ष कुठे असतं तुमचं?” आणि सकाळी नळ मनगटाने उघडताना तिने पाहू नये म्हणून मावशी सगळ्यांच्या आधी उठत.

“मावशी, हा सांधेवाताचा प्रकार असू शकतो. रक्त तपासून वेळेत औषध सुरू केलं तर हात वाचतात. अंगावर काढलं तर बोटं वाकडी होतात, मग सरळ होत नाहीत. खरं सांगा.”

सर खाकरले. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

“तसं काही नाही, बाळा.”

घंटा झाली. कंबरेचा सल्ला राहिला तो राहिलाच. मुलगी डोळे पुसत बाहेर गेली.

“कंबर सोडून हात धरून बसली!” सरांनी पेनाचं टोपण काढलं. “पुन्हा नापास. हिच्या नशिबात डॉक्टरकी नाही. मावशी, तुम्ही मात्र आज कमाल केलीत. पाणी प्या, पुढचा येतोय.”

मावशींनी पेल्याला हात लावला नाही. लावला असता तर दोन्ही लावावे लागले असते.

“सर, पाऊण तास.”

“काय पाऊण तास?”

“बोटं आखडलेली असतात. तिने विचारलं ना. कधीकधी जास्तच. तिला नापास करू नका.”

सर हसले. “अहो, केस संपली. दया येते, मान्य आहे. पण पोरीला पास करायला आता हातांचं नाटक नको.”

मावशींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. सरांनी थट्टेनेच एक हात उचलला आणि बोटांच्या मुळाशी आडवा दाबला. चांगला जोरात दाबला. मावशींच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बाकी चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“दुखतंय?”

“हो.”

ट्रॅफिक आहे का विचारल्यावर म्हणावं, तसं ‘हो’. सरांनी विजयी मुद्रेने हात खाली ठेवला. “बघा! आयुष्यभर हेच शिकवतोय मी. खरंच दुखत असतं, तर कण्हला नसतात?”

“कण्हणं कामाचं असतं, सर,” मावशी म्हणाल्या. “हे घरचं आहे.”