पाण्याचा घोट

"व्हेअर आर यू गोइंग?"

दाराकडे निघालेली सगुणा थबकली. वळली. परत येऊन पाटावर बसली आणि तांब्या उचलून पाण्याचा घोट घेतला.

कुंदाने कपाळावर हात मारला. "आये, परत कशाला आलीस? उत्तर द्यायचं! आय ॲम गोइंग टू द डोअर. एवढं म्हणायचं आणि दाराला हात लावायचा."

"खुळी गो खुळी. जातल्याक मागसून 'खंय चल्लंस' म्हणान इचारतत काय? आणि इचारलाच तर परत येवन बसाक होया, पाण्याचो घोट घेवक होयो. मगे वाट मोकळी."

"हे इंग्रजी आहे, आये. इंग्रजीत अपशकुन नसतात."

"पाय तर माझेच मा?"

कुंदाला हसू आलं आणि रागही. धड्यात मराठीचं अक्षर काढायचं नाही, हा वर्गाचा नियम. तो जोगेश्वरीच्या या चाळीत रोज इथेच मोडायचा. कुंदा इंग्रजी शिकवायला आफ्रिकेत निघाली होती, इथिओपियातल्या एका शाळेत. त्यासाठी अंधेरीला शिक्षणवर्ग चालू होता. तिथल्या क्षमाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तिथल्या पोरांना तुमची भाषा येत नाही, तुम्हाला त्यांची येत नाही. परक्या मुलखात परके होऊन शिकवायचंय. हात, डोळे, वस्तू आणि इंग्रजी. बस्स." शेवटची परीक्षाही तशीच. इंग्रजीचा गंध नसलेलं एक माणूस आणायचं आणि सगळ्यांसमोर त्याला एक धडा शिकवायचा. तो फसला, की जाणं संपलं.

कुंदाने आईला नेमलं. उठणं, बसणं, तांब्या, खिडकी, सगळं सगुणा भराभर शिकली. शेजारणीलाही 'सिट डाऊन' म्हणू लागली. अडायचं ते या एका प्रश्नापाशी. दाराशी पाय पोचायचा, प्रश्न यायचा आणि बाई परत पाटावर.

कुंदाला कारण ठाऊक नव्हतं असं नाही. बाप कामाच्या पाळीला निघाला, तेव्हा उंबरठ्यातून सगुणानेच हाक दिली होती, "खंय चल्लात?" गुणाजी हसला. "आता बसाक येळ नाय गो," म्हणाला आणि जिना उतरला. हमरस्त्यावर ट्रक होता. संध्याकाळी चार माणसं त्याला घेऊन आली. तेव्हा कुंदा पाळण्यात होती. त्यानंतर सगुणाने निघालेल्या माणसाला कधी मागून हाक मारली नाही. घर जळत असतं तरी मारली नसती.

परीक्षेच्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. सगुणा इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. धडा सुरेख चालला. मग ती उठली, दाराकडे निघाली आणि कुंदाने विचारलं.

सगुणा थांबली. सगळा वर्ग थांबला. तिने वळून लेकीकडे एकदा पाहिलं. उन्हात वाळत घातलेल्या कपड्याकडे पाहावं तसं, नीट, सावकाश.

"आय ॲम गोइंग टू द डोअर," ती म्हणाली. परत आली नाही. पुढे गेली आणि दाराला हात लावला.

टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसून ती एवढंच म्हणाली, "पाणी दी गो."

जायच्या दिवशी टॅक्सी सांताक्रूझकडे लागली, तेव्हा सगुणाच्या मांडीवर पदराने झाकलेला तांब्या होता.

"आये, विमानतळावर नळ नसतात का गं? लोक हसतील."

"हसांदे." आणि ती खिडकीबाहेर बघत स्वतःशीच गुणगुणू लागली:

*लेक चल्ली दूर देशा, वाट दर्यापलीकडे,*
*तांब्यात पाणी हाले, काळीज हाले हिकडे.*

कुंदाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डोळे भरले तर काजळ उतरायचं.

विमानतळावर वर्गातल्या सगळ्या जणी जमल्या होत्या. क्षमाबाईही आल्या होत्या. हार, फोटो, पत्ते, "पोचल्याबरोबर लिही हं" सुरू होतं. कुंदा आईच्या पाया पडली. सगुणाने तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. कुंदा कठड्याच्या फाटकातून आत गेली आणि उन्हात उभ्या असलेल्या विमानाकडे चालू लागली.

तेवढ्यात मागून हाक आली. खणखणीत, एकही अक्षर न अडखळता.

"कुंदा! व्हेअर आर यू गोइंग?"

कठड्याशी हशा पिकला. "शाब्बास, सगुणाबाई!" क्षमाबाई ओरडल्या. "पाहा, शिकली की नाही!" कुंदालाही हसू फुटलं. अभिमानाने तिचा ऊर भरून आला. ती वळली, ताठ उभी राहिली आणि वर्गात द्यावं तसं अख्खं उत्तर दिलं, "आय ॲम गोइंग टू आदिस अबाबा!" हात हलवला. मागची माणसं खोळंबली होती. ती पुढे चालू लागली.

शिडीच्या वरच्या पायरीवर पोचल्यावर तिला आठवलं, की बाप गेल्यापासून आईने कुणाला मागून हाक मारली नव्हती; आणि हाक आलीच, तर परत येऊन बसायचं असतं.

ती गर्रकन वळली. कठड्याशी सगळे उभे राहून हात हलवत होते. त्यांच्या पायांमध्ये, जमिनीवर, लेकीच्या जागी आईच बसली होती, आणि तिच्या नावाचा घोट घ्यायला तांब्या तोंडाला लावत होती.