वाट्याची गोळी

शाळेच्या पडवीत महिन्यातून एकदा मोफत दवाखाना भरायचा. डॉ. वैजयंतीनं धोंडाक्काची पापणी ओढून पाहिली. डोळा मागच्या खेपेसारखाच पांढराफटक.

"रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या खाल्ल्या ना?"

"खाल्ल्या की. जावंनं खाल्ल्या, शेजारणीनं खाल्ल्या, सासूबाईंनी खाल्ल्या. मलाबी आल्या दोन." धोंडाक्का समाधानानं म्हणाली. "घरात आल्यालं एकटीनं कसं खायचं?"

वैजयंतीचा पारा चढला. "औषध म्हणजे काय प्रसाद आहे वाटायला? ज्याचं त्यानंच खायचं. घ्या, माझ्यासमोर गिळा."

धोंडाक्कानं निमूटपणे गोळी गिळली आणि पदराखालचा डबा टेबलावर ठेवला. "गाय व्यालीय. खरवस आणलाय, फकस्त तुमच्यासाठी."

झाकण काढताच वेलदोड्याचा वास पडवीभर पसरला. वैजयंतीनं मागं वळून हाक दिली, "सिस्टर, ड्रायव्हरकाकांनाही बोलवा. खरवस आलाय."

धोंडाक्का गालातल्या गालात हसली.

वैजयंतीनं डब्याकडे पाहिलं. मग तिलाही हसू फुटलं. "जावेला, शेजारणीला, सासूबाईंना घेऊन या. प्रत्येकीला तपासून तिच्या तिच्या गोळ्या देते."

"आणल्यात की," धोंडाक्का म्हणाली. "भाईर बसल्यात."